भरल्या हातांचं अधिवेशन

आमच्या संघटनेने गेल्या काही वर्षांत बरंच काही सोडलं. सभागृह सोडलं, जेवण सोडलं, एकमेकांची तोंडं बघणं सोडलं. सत्कार तेवढा सोडला नाही. अधिवेशन ऑनलाइन झालं तरी शाल आणि नारळ पार्सलने घरपोच येतात, आणि ज्याचा सत्कार त्याच्या घरातलंच कुणीतरी कॅमेऱ्यासमोर त्याच्या अंगावर शाल घालतं. एका मुख्याध्यापकांना त्यांच्या सुनेने शाल घातली आणि पदर सावरून वाकून नमस्कारही केला, तेव्हा पडद्यावर सगळीकडून टाळ्यांची चित्रं उडाली. हे मी थट्टेने सांगत नाही. थट्टा करण्याइतकी मी अजून शांत झालेली नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका निवासी कर्णबधिर शाळेत शिकवते. माझे कान शाबूत आहेत. खुणांची भाषा मी नोकरीला लागल्यावर शिकले, थोडी मुलांकडून आणि बरीचशी आमच्या चित्रकलेच्या सरांकडून. सर जन्मापासून बहिरे. 'कर्णबधिर' हा शब्द तुमच्या कागदांसाठी ठेवा, मी बहिरा आहे, असं ते स्वतःच सांगतात. गाव शिराळा. मिशा भरघोस, म्हणून शाळेत त्यांचं खुणांतलं नाव म्हणजे मिशीला पीळ. मी नाकावरचा चष्मा सारखा वर ढकलते, म्हणून माझं नाव ते. सर तापट आहेत. वर्गात कुणी रंग सांडला तर खडू फेकून मारतात, आणि मूल रडायला लागलं की त्याच खडूने त्याच्या पाटीवर त्याचंच रडकं तोंड काढून दाखवतात. मग मूल हसतं.

एक आधीच सांगते. सरांच्या खुणा मी मराठीत आणते तेव्हा त्या आपोआप आमच्याकडच्या बोलीत येतात. पुस्तकी मराठीत त्यांचा राग मावत नाही. मी कितीदा प्रयत्न केलाय.

संघटना आहे सातारा-सांगलीकडच्या अशा शाळांमधल्या शिक्षकांची. वर्षातून एकदा अधिवेशन, कधी साताऱ्याला, कधी कराडला, कधी विट्याला. सभासद बहुतेक सगळे ऐकू येणारे. बहिऱ्यांना शिकवणाऱ्यांच्या संघटनेत बहिरे शिक्षक किती, तर आमचे सर, कोयनानगरकडचे हस्तकलेचे एक शिक्षक आणि माणमधल्या शाळेतल्या शिवणकामाच्या एक बाई. बास. मी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून भाषणांच्या खुणा करायची आणि हे तिघं पहिल्या रांगेत बसायचे. 'आदरणीय, वंदनीय, व्यासपीठावर विराजमान' हे सगळं मी हाताच्या एका फटकाऱ्यात उरकायची. भाषण फारच कंटाळवाणं झालं की तिघं आपापसांत गप्पा मारायचे. आवाज होत नसल्यामुळे त्यांना कधी कुणी दटावलं नाही.

पण त्यांचं खरं अधिवेशन जेवणाच्या सुट्टीत व्हायचं. आधी पंगत असायची, तेव्हा प्रश्न नव्हता. मग उभ्याने जेवायची पद्धत आली. ऐकू येणाऱ्यांना त्याचं काही नाही. आपण एका हातात ताट धरतो, दुसऱ्याने खातो आणि तोंडाने बोलत राहतो. बहिऱ्या माणसाच्या हातात ताट दिलं की त्याचं तोंड बंद. म्हणून या तिघांची रीत ठरलेली होती. आधी टेकायला जागा धरायची, मग जेवण घ्यायचं. टेबल नसेल तर खिडकीची कड, पायऱ्या, काहीही. विट्याला काहीच मिळालं नाही, तर त्यांनी अध्यक्षांच्या गाडीच्या बॉनेटवर ताटं मांडली. अध्यक्ष बाहेर आले तेव्हा बॉनेटवर आमटीचा ओघळ होता. ते हसले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे.

त्या बॉनेटवर काय चालायचं ते अध्यक्षांना माहीत नव्हतं. बहिऱ्या मुलांच्या भाषेत कितीतरी शब्दांना खूणच नसते. किंवा शिराळ्याला एक असते, कोयनेला दुसरी आणि माणला तिसरीच. हे तिघं वर्षभर अडलेले शब्द घेऊन यायचे. बाष्पीभवन कसं दाखवायचं? वारसा कसा? कर्ज आणि उसनं यांत फरक कसा करायचा? मग भांडणं व्हायची. माणच्या बाई मेंढपाळांच्या घरातल्या, त्यांच्या खुणा ऐसपैस, अख्खा हात फिरवून केलेल्या. कोयनेचे सर प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेले, त्यांच्या खुणा आखडत्या आणि नीटनेटक्या. आमचे सर दोघांनाही नावं ठेवायचे. पण ताटं उचलायच्या आत खूण ठरायची, आणि सोमवारी तीन शाळांमधली मुलं तोच शब्द बोलायला लागायची. व्यासपीठावरून इतकी वर्षं जे झालं त्यातलं मला एक वाक्य आठवत नाही. ते बॉनेट मात्र आठवतं.

मग टाळेबंदी आली आणि अधिवेशन फोनच्या पडद्यावर आलं. आमच्या घरांत आजारपणं चालू होती, तेव्हा कुणाला नावं ठेवावीत अशी ती वेळ नव्हती. मी घरूनच खुणा करत होते. पण त्या यंत्राला फक्त आवाज कळतो. ज्याचा आवाज येईल त्याचं चित्र मोठं. खुणांना आवाज नाही, त्यामुळे मी कुठेतरी दुसऱ्या पानावर, टपाल तिकिटाएवढी. त्यातच एक बाई माइक बंद करायला विसरल्या आणि त्यांच्या कुकरला शिट्ट्या होऊ लागल्या. प्रत्येक शिट्टीला त्यांचं स्वयंपाकघर अख्खा पडदा व्यापत होतं. मुलांची भाषा आणि विकास असा काहीतरी विषय चालू होता, आणि सर दिवसभर कुणाच्यातरी मोरीतली भांडी बघत बसले होते.

शेवटी तिघांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे बहिऱ्यांच्या टाळ्या, दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं गरागरा फिरवायची. सूत्रसंचालक एक उत्साही तरुण शिक्षक होते. ते म्हणाले, "सर टाटा करतायत! टाटा सर, टाटा!" मग सगळ्यांनी टाटा केला. तेव्हा मीही हसले होते.

पुढे सगळं उघडलं. जत्रा भरल्या, कुस्त्यांची मैदानं भरली, लग्नात पुन्हा बँडवाले आले, निवडणुकीच्या सभांना टेम्पो भरभरून माणसं गेली. शिराळ्याच्या नागपंचमीला पाय ठेवायला जागा नव्हती, असं सर हाताचा फणा उगारून सांगत होते. आमचं अधिवेशन तेवढं घरातून बाहेर पडेना. मी अध्यक्षांना फोन केला. ते साताऱ्याचे, निवृत्त मुख्याध्यापक, जिभेवर साखर. आयुष्यात जाणूनबुजून त्यांनी कुणाला दुखावलं नसेल.

"बाई, किती सोयीचं झालंय बघा," ते म्हणाले. "प्रवास नाही, जेवणावळ नाही. उपस्थिती तिप्पट झाली. आणि आपल्या या बांधवांना तर घरबसल्या सहभागी होता येतं."

"सर, त्यांना काही दिसत नाही."

"दिसत नाही? त्यांना ऐकू येत नाही ना?"

मी फोन ठेवला. तिप्पट उपस्थिती कशी असते ते मला ठाऊक आहे. कॅमेरा बंद, माइक बंद, माणूस बाजारात, आणि संध्याकाळी लिंकवर प्रमाणपत्र. एकदा एक उपाध्यक्ष अधिवेशनात हजर होते आणि मला त्याच वेळी बसस्टँडवर भेटले. त्यांनी खिशातला फोन दाखवला आणि डोळा मारला. बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांचं अधिवेशन त्यांच्या खिशात चालू होतं.

मला वाटलं होतं, सर म्हणतील की हे ऑनलाइनचं खूळ बंद करा. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी मलाच झापलं.

"आवं बाई, ऑनलाइनचं वावडं आमाला न्हाई. तुमी फोन कानाला लावून हॅलो हॅलो करत हुता, तवापासनं आमी व्हिडिओवर बोलतोय. कोयनेवाल्याशी मी रोज बोलतो. ही यंत्रं आमच्यासाठीच झाल्यात. तुमी लोकांनी त्याचा रेडिओ केलाय."

आणि मग ते कामाला लागले. एका रविवारी त्यांनी चौघांची चाचणी सभा घेतली. ते स्वतः, कोयनेचे सर, माणच्या बाई आणि मी. नियम त्यांचे. सगळ्यांचे माइक बंद. तोंडावर आणि हातांवर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको, अंगात नक्षीचे कपडे नकोत. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघेपर्यंत थांबायचं. एक बोलत असताना दुसऱ्याने सुरू करायचं नाही. अर्ध्या तासाला डोळ्यांना विश्रांती. इतकं सोपं होतं की मला लाज वाटली. सभा झरझर पुढे गेली आणि तीन शब्दांच्या खुणा ठरल्या. मागे पडले ती मी एकटीच. माणच्या बाई मला मधेच थांबवून म्हणाल्या, "चष्मेवाली, झोप लागली का तुला?"

त्या वर्षीच्या कार्यक्रमात एक ठराव होता. यापुढे वार्षिक अधिवेशन कायमस्वरूपी ऑनलाइन आणि सध्याच्याच पद्धतीने घ्यावं. सरांनी त्या ठरावाच्या आधी दहा मिनिटं मागितली. आपली पद्धत मांडायची, जमलं तर तिथेच करून दाखवायची, आणि सांगायचं की घ्या ऑनलाइन, पण असं घ्या. आणि वर्षातून एक दिवस तरी त्या-त्या भागातली माणसं एका खोलीत बसू देत, जेवणाला टेबलं ठेवून. अध्यक्षांनी आनंदाने वेळ दिला. संघटनेच्या इतिहासात पहिल्यांदाच एक कर्णबधिर वक्ता, असं त्यांनी पत्रिकेत ठळक छापलं.

"यंदा बघत्यात का बघू," सर मला म्हणाले. "न्हाई बघितलं तर पुढं मी न्हाई. कोयनेवाला न्हाई, माणची न्हाई. तुमचं तुमी चालवा."

आम्ही आठवडाभर तालीम केली. ते खुणा करणार, मी त्याला आवाज देणार. सूत्रसंचालकांशी मी स्वतः बोलले होते. बाकी सगळ्यांचे माइक बंद राहतील, सरांची वेळ आली की माझा उघडायचा. एका खोलीत दोन यंत्रं असली की आवाज घुमतो, म्हणून सर चित्रकलेच्या खोलीत बसले, तिथला उजेड चांगला, आणि मी अंगणापलीकडे संगणकाच्या खोलीत. सरांनी नवा निळा सदरा घातला होता, साधा, बिननक्षीचा. मिशांना तेल लावलं होतं. आपलं नाव पुकारलं की माझी चौकट बाजूला करून पडद्यावर कोयना आणि माण या दोनच चौकटी मोठ्या करायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं, कारण समोर बसलेल्यांत खुणा समजणारी तोंडं तीच. मुलं खिडकीशी गर्दी करून उभी होती.

कार्यक्रम सुरू झाला. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात समई पेटली आणि तिच्याकडे आम्ही सगळे आपापल्या फोनवरून बघत राहिलो. स्वागतगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. प्रास्ताविक. मग सत्कार. एकेकाच्या घरात शाल निघत होती, एकेकाच्या घरात नारळ. एकांच्या सौभाग्यवतींनी आतून ओरडून विचारलं, "आता घालू का?" ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी या सगळ्याच्या खुणा करत होते, एकसारख्याच, शाल नारळ, शाल नारळ. सरांची वेळ टळून गेली. दुपार झाली. शेवटी त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि सूत्रसंचालक म्हणाले, "तत्पूर्वी सरांचा सत्कार."

आमच्या शाळेतही पार्सल आलं होतं. मुख्याध्यापक ते घेऊन तयारच होते. ते आमच्याकडचे, मनाने मोकळे, सरांवर त्यांचा जीव. ते चौकटीत शिरले. त्यांनी सरांना शाल नुसती खांद्यावर टाकली नाही, प्रेमाने गुंडाळली, दंडांवरून, कोपरांवरून. मग उजव्या हातात नारळ दिला. डाव्या हातात फुलांचा गुच्छ दिला. गुच्छाखाली स्मृतिचिन्ह सरकवलं.

"धरा सर, घट्ट धरा. फोटू ईऊ द्या नीट," असं ते म्हणत होते. कुणाला, देव जाणे.

आणि सूत्रसंचालक म्हणाले, "आता सर दोन शब्द बोलतील."

मी माझा माइक उघडायची वाट बघत होते. सूत्रसंचालकांनी माइक उघडला, पण सरांचा. वक्ता बोलणार तर वक्त्याचाच माइक उघडायला हवा, नाही का? माझ्या पडद्यावर आलं की यजमानांनी तुमचा आवाज बंद केलेला आहे. मी बटण दाबत राहिले. बाजूला लिहून पाठवावं म्हटलं, तर तिथे 'अभिनंदन सर', 'हार्दिक अभिनंदन', 'खूप खूप अभिनंदन' यांची रांग लागली होती, आणि माझं वाक्य त्यात वाहून गेलं.

सर उभे. दोन्ही हात भरलेले. ते नारळ ठेवायला जागा बघत होते. टेबलावर यंत्र, दिवा, वायरी. एक दोन क्षणच गेले असतील. पण ऐकू येणाऱ्या माणसाला शांतता सोसवत नाही, पाहुण्यांत तर नाहीच. सूत्रसंचालकांचा आवाज कापरा झाला. "सर भारावून गेलेले आहेत," ते म्हणाले. "कधीकधी शब्द अपुरे पडतात मित्रहो. ही शांतताच खूप काही बोलून जाते."

तेवढ्यात सरांनी नारळ टेबलाच्या कडेला ठेवला आणि तो घरंगळून खाली पडला. धाडकन आवाज झाला. यंत्राने तो ऐकला आणि सरांची चौकट क्षणात अख्ख्या पडद्यावर आली. अख्ख्या संघटनेने तेव्हा काय पाहिलं? रिकामी खुर्ची आणि शालीचं टोक. सर टेबलाखाली वाकले होते. "वेळेअभावी आपण पुढे जाऊ या," सूत्रसंचालक म्हणाले, आणि पडदा अध्यक्षांकडे गेला.

सरांना हे कळलंच नाही. त्यांना कसं कळणार? त्यांच्या पडद्यावर कोयना होती आणि माण होतं, दोघं टक लावून बघत होते. मुख्याध्यापक फोटो झाल्यावर समाधानाने निघून गेले होते. सरांनी नारळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह सगळं जमिनीवर ठेवलं, शाल काढून खुर्चीवर फेकली, सदरा ओढून सरळ केला आणि बोलायला सुरुवात केली.

त्यांनी पूर्ण भाषण केलं. तालमीत कधी झालं नव्हतं इतकं ते चांगलं झालं. बॉनेटवरच्या ताटांची गोष्ट सांगितली. कुकरची शिट्टी अशी दाखवली की मीही हसले. माझ्या पडद्यावर त्यांची चौकट बोटभर होती आणि बाकी सगळीकडे अध्यक्ष पसरले होते. मी उठून धावले नाही. मी धावले असते तर त्यांच्या हातांना आवाज द्यायला मागे कोण राहणार होतं? म्हणून बंद माइकमध्ये मी एकेक वाक्य बोलत राहिले, स्पष्ट, ठरल्याप्रमाणे, जिथे थांबायचं तिथे थांबून. खिडकीतून एक मुलगी बघत होती. तिला वाटलं असेल, बाई काय छान बोलतायत.

सर थांबले. कोयनेने दोन्ही हात डोक्यावर नेले. माणने नेले. मनगटं गरागरा फिरली. सर हसले आणि त्यांनीही हात वर केले, आभाराचे.

नेमक्या त्याच वेळी अध्यक्षांनी ठराव वाचून संपवला होता आणि तो आवाजी मतदानाला टाकला होता. "मंजूर, मंजूर," माइक उघडून माणसं म्हणाली. मग सूत्रसंचालकांचं लक्ष त्या छोट्या चौकटींकडे गेलं.

"आणि हे बघा," ते आनंदाने ओरडले, "आपल्या कर्णबधिर बंधू-भगिनींनी तर दोन्ही हात वर करून पाठिंबा दिलाय! ठराव एकमताने मंजूर!"

मी पडदा बंद केला. अंगणात ऊन होतं. सर चित्रकलेच्या खोलीतून बाहेर आले, घामेजलेले, मुलं भोवती नाचत होती. लांबूनच त्यांनी विचारलं, "कसं झालं? काय म्हणली मंडळी?"

हे सांगण्याचं काम माझं होतं. ऐकू येतं त्यानेच ऐकलेलं पोचवायचं असतं, आजवर तेच करत आले. मी मुलांना आत पाठवलं आणि सगळं सांगितलं. माइक, नारळ, भारावणं, ठराव. हात वर केल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी आमच्या टाळ्या आमच्याच इरुद्ध मोजल्या," ते म्हणाले.

मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलंय. त्या दिवशी ते रागावले नाहीत, आणि ते मला सहन झालं नाही. त्यांनी हात खिशात घातले. बहिऱ्या माणसाने खिशात हात घालणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांना कसं सांगू? ते तसेच वसतिगृहाच्या बाजूने निघून गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मी अध्यक्षांना फोन केला. मी ओरडले. आयुष्यात वरिष्ठांवर पहिल्यांदाच ओरडले असेन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मला खरंच वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण दोन्ही हात वर होते, ते सगळ्यांनी पाहिलं. आता एकमताने झालेला ठराव मी कसा बदलू? पुढच्या वर्षी सरांना पंधरा मिनिटं देऊ. शालही चांगली घेऊ, पैठणीच्या काठाची."

त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता. हीच माझी तक्रार आहे. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हळव्या माणसाने प्रेमाने हात बांधले तर काय करायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. चार दिवसांनी सरांना प्रमाणपत्र आलं, उत्कृष्ट सादरीकरणाबद्दल. तिघांनीही संघटना सोडली. कुणी विचारलं नाही. तिघांच्या जाण्याने उपस्थितीत काही फरक पडला नाही.

त्या पुढच्या सोमवारी सरांनी वर्गात वस्तुचित्र घेतलं. टेबलावर ती शाल अंथरली, चुण्या पाडून, तिच्यावर नारळ ठेवला, शेजारी सुकलेला गुच्छ. मुलांनी काढायला घेतलं. एका लहान मुलीने विचारलं, हे काय आहे, कुठून आणलं? सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी दोन्ही कोपरं अंगाला घट्ट आवळली, शाल गुंडाळल्यासारखी, आणि दोन्ही पंजे पोटापाशी नारळ धरल्यासारखे गच्च धरले. तोंड मिटलेलं, भारावलेलं. तिला सांगितलं, हे अधिवेशन.

मुलं खदाखदा हसली. संध्याकाळपर्यंत ती खूण वसतिगृहभर झाली. सुट्टीत मुलं ती घरी घेऊन गेली. आता कोयनेला तीच आहे, माणला तीच आहे. बॉनेटशिवाय, ताटांशिवाय, पडद्याशिवाय, भांडणाशिवाय ठरलेली ही पहिली खूण. यंदा नवीन आलेल्या मुलांना तर तिच्या मागचं काहीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी अधिवेशन म्हणजे हेच.

परवा संघटनेचं यंदाचं निमंत्रण आलं आणि मुख्याध्यापकांनी ते परिपाठाला वाचायला लावलं. मी वाचलं आणि शेजारी उभं राहून खुणा केल्या. 'अधिवेशन' आलं तिथे मी तीच खूण केली, मला दुसरी येत नाही. मुख्याध्यापक कौतुकाने बघत होते. मग मुलांनी आपापसांत त्यावर बोलायला सुरुवात केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती खूण केली की दोन्ही हात अडकून पडतात. पुढे काही बोलायचं असेल तर मुलं आधी वाकतात, हातातला नसलेला नारळ हळूच जमिनीवर ठेवतात, तो घरंगळत नाही ना हे बघतात आणि मगच बोलतात.